हाताने घडवलेलं फर्निचर पारखताना मी काय बघते

पारंपरिक, हाताने केलेलं लाकडी फर्निचर घ्यायला निघालेली माणसं आधी कोरीव काम बघतात, मग पॉलिशवर हात फिरवतात, मग लाकूड कुठलं ते विचारतात, वजनाचा अंदाज घ्यायला एक बाजू जरा उचलतात आणि एवढ्यावर ठरवून मोकळी होतात. यातलं काही चुकीचं नाही, पण यातल्या कशावरूनही ती वस्तू 30 वर्षं टिकेल का ते कळत नाही. माझ्या मते फर्निचरचा कस एकाच प्रश्नावर लागतो. हे लाकूड हलणार आहे हे बनवणाऱ्याला माहीत होतं का आणि त्याने त्याची सोय करून ठेवलीये का? सांधे, नक्षी, पॉलिश, बिजागऱ्या हे सगळं त्याच्यानंतर.

हलणार म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. झाड कापलं, फळ्या पाडल्या, नीट वाळवल्या, तरी लाकूड हवेतला दमटपणा घेतच राहतं आणि हवा कोरडी झाली की सोडतही राहतं, आणि हे वस्तू जुनी झाली तरी चालूच असतं. पॉलिशने त्याचा वेग कमी होतो, पण थांबत नाही. गंमत अशी की लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, फरक जवळपास पडतच नाही, ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत साधारण 0.1 ते 0.2 टक्के. सगळा खेळ रुंदीत. त्यातही दोन दिशा आहेत, एक वाढीच्या कड्यांना धरून आणि दुसरी गाभ्याकडून सालीकडे, आणि पहिल्या दिशेने लाकूड दुसरीच्या साधारण दुप्पट आकसतं. सागासाठी हे आकडे 5.8 टक्के आणि 2.5 टक्के असे आहेत, आणि साग हे तर शांत लाकूड. रेड ओकमध्ये तेच 8.6 आणि 4 टक्के. आता हिशोब करा, एक मीटर रुंदीचा सागाचा टेबलटॉप, लाकडातला ओलावा 8 टक्क्यांवरून 12 वर गेला, तरी तो 8 मिलिमीटरच्या आसपास फुगतो. 8 मिलिमीटर! याला कुठलाही खिळा किंवा गोंद अडवू शकत नाही. अडवायला गेलं की एकतर लाकूड उलतं, नाहीतर सांधा सुटतो, नाहीतर फळी बाक घेते.

म्हणून टेबल बघायचं असेल तर वरून बघून काही कळत नाही, सरळ खाली वाकायचं, मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि वरची फळी खालच्या चौकटीला कशी धरलीये ते बघायचं. चांगल्या कामात तिथे छोटे लाकडी ठोकळे दिसतात, त्यांची एक जीभ चौकटीच्या आतल्या खाचेत सरकती बसवलेली असते आणि ठोकळा वरच्या फळीला स्क्रूने धरलेला असतो, म्हणजे फळी घट्ट तर बसते पण आत-बाहेर सरकायला मोकळी राहते. किंवा मग स्क्रूचं भोक गोल नसतं, लांबट असतं. दोन्ही चालतं. पण चारही बाजूंनी गोंद लावून फळी चिकटवून टाकली असेल किंवा गोल भोकातून करकचून स्क्रू मारले असतील, तर वरून ते टेबल कितीही देखणं असू दे, ते आज ना उद्या त्रास देणार. काही टेबलांना दोन्ही टोकांना आडवी पट्टी असते, फळी बाकू नये म्हणून. तिथे पट्टी आणि फळीच्या कडा अगदी एका रेषेत नसतील, एखाद-दोन मिलिमीटर मागेपुढे असतील, तर घाबरू नका. फळी हलतेय आणि पट्टी तिला हलू देतेय याचा तो पुरावा आहे. दमट हवेत एक बाजू पुढे, कोरड्या हवेत दुसरी पुढे, असं चालूच राहतं. काळजी कधी करायची, तर कडा वर्षानुवर्षं तंतोतंत जुळलेल्या आहेत पण फळीला मधोमध चीर गेलीये तेव्हा. म्हणजे पट्टी आख्ख्या लांबीला चिकटवलेली होती.

कपाटाचे दरवाजे, पेटीच्या बाजू, मोठ्या पलंगाची पाठ, जिथे जिथे रुंद लाकूड लागतं तिथे जगभरच्या सुतारांनी एकच उपाय शोधलाय, चौकट करायची आणि तिच्या आतल्या खाचेत फळी नुसती अडकवून ठेवायची, गोंद न लावता. चीनमध्ये मिंग काळात (1368 ते 1644) हे तंत्र इतक्या उंचीला गेलं होतं की ते फर्निचर आजही शिकण्यासारखं आहे, घट्ट कठीण लाकूड, आत लपलेले सांधे, गोंदावर फारशी भिस्त नाही, आणि फळी चौकटीत सुटी. तर अशा दरवाज्याची फळी दोन बोटांनी हलकेच दाबून बघा, किंचित हलली पाहिजे. खडखडायला नको, पण हलली पाहिजे. आणि कोरड्या हवेत चौकटीच्या कडेला फळीचा बिनपॉलिशचा एक फिकट पट्टा उघडा पडलेला दिसला तर त्यातून दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे फळी मोकळी आहे, हे चांगलं, आणि दुसरी म्हणजे पॉलिश फळी बसवल्यानंतर केलंय, त्यामुळे खाचेत गेलेला भाग कोराच राहिला. जाणता माणूस फळी आत घालायच्या आधीच तिला पॉलिश करून घेतो. छोटीशी गोष्ट आहे, पण माणूस किती पुढचा विचार करतो ते त्यातून दिसतं.

आता ड्रॉवर. मला एखाद्या वस्तूसाठी पाचच मिनिटं मिळाली तर मी ती सगळी ड्रॉवरवर घालवीन. पूर्ण बाहेर काढायचा, टेबलावर ठेवायचा आणि सगळ्या बाजूंनी बघायचा, कारण पुढचा भाग सोडला तर ड्रॉवरचं सगळं काम कोणाला दिसत नाही आणि बनवणाऱ्याला ते माहीत असतं. आधी पुढचा कोपरा. तिथे डव्हटेल असेल, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणारे दात एकमेकांत अडकवलेला सांधा, तर दात मोजू नका, त्यांचा आकार बघा. हाताने करवत आणि पटाशीने कापलेल्या डव्हटेलमध्ये एका फळीचे दात रुंद आणि त्यांच्यामधले दुसऱ्या फळीचे दात अगदी बारीक, टोकाला कधी कधी करवतीच्या पात्याएवढेच, असू शकतात. राउटर (फिरत्या पात्याचं लाकूड कोरायचं मशीन) आणि साच्याने कापलेल्यात ते शक्य नसतं, कारण फिरणाऱ्या पात्याचा दांडा त्या फटीतून जावा लागतो, त्यामुळे तिथे सगळे दात जाडे आणि सहसा सारख्या मापाचे येतात. दाताच्या बुडाशी एक बारीक ओरखड्यासारखी सरळ रेघ दिसते का ते बघा, ती सुताराची आखणीची रेघ. तिला काही जण दोष समजतात आणि घासून काढायला सांगतात, माझं मत विचाराल तर ती राहू द्यावी, करवत कुठे थांबायची हे त्या रेघेने ठरवलं होतं आणि ती खरंच तिथे थांबली का ते तुम्हाला दिसतं. करवत रेघेच्या पुढे गेली असेल तर घाई होती. दातांच्या कडेला पाचर मारून किंवा भुशाची लांबी (पुट्टी) भरून फट बुजवली असेल तर तेही इथेच दिसतं. एखादी फट चालेल, प्रत्येक कोपऱ्यात चालणार नाही.

मग ड्रॉवर उलटा करा. तळाची फळी अख्ख्या लाकडाची असेल तर तिच्या रेषा डावीकडून उजवीकडे गेल्या पाहिजेत, समोरून मागे नाही. कारण परत तेच, लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, तर ते मागच्या बाजूला फुगू दे, तिथे मोकळी जागा असते. रेषा उलट दिशेला असतील तर तळ दोन्ही बाजूंच्या फळ्यांना बाहेर ढकलतो आणि दमट हवेत ड्रॉवर अडकतो, आणि मग लोक म्हणतात लाकूड वाईट निघालं. लाकूड चांगलंच असतं हो, तळ चुकीच्या दिशेला घातलेला असतो. नीट केलेल्या ड्रॉवरमध्ये तळ तिन्ही बाजूंच्या खाचेत सरकवलेला असतो, मागच्या फळीखालून थोडा बाहेर येतो आणि तिथे एकच स्क्रू किंवा खिळा असतो, तोही लांबट भोकात. हे सगळं बघून झालं की ड्रॉवर परत आत सरकवा, एका हाताने, मधोमध न धरता एका कोपऱ्याला धरून. तिरका होऊन अडकला तर बाजूच्या फटी जास्त आहेत. आणि काम अगदीच वरच्या दर्जाचं असेल, कपाटाची पाठ नीट बंद असेल, तर एक ड्रॉवर आत ढकलला की आतली हवा दाबली जाऊन शेजारचा ड्रॉवर हळूच पुढे येतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चार-पाच वेळा परत परत करून बघितलं, इतका आनंद झाला होता.

सांध्यांबद्दल लोकांच्या मनात एक पक्कं समीकरण बसलंय, खिळा नाही म्हणजे भारी, खिळा दिसला म्हणजे हलकं. एवढं सोपं नाहीये. मागची पातळ फळी खिळ्यांनी लावणं ही जुनी रीत आहे, बारीक खिळा थोडा वाकतो आणि लाकडाला हलू देतो. प्रश्न खिळा कुठे मारलाय हा आहे. जिथे जोर येतो, म्हणजे खुर्चीचा पाय आणि बैठकीची आडवी पट्टी मिळते तिथे, पलंगाच्या कोपऱ्यात, टेबलाच्या पायाशी, तिथे कुसू आणि खाच हवी, म्हणजे एका लाकडाचा कमी केलेला शेंडा दुसऱ्यात कोरलेल्या चौकोनी भोकात गेलेला. कुसू किती आत गेलाय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून विचारायचं, आणि उत्तर देताना माणूस हाताने दाखवतो का ते बघायचं, ज्याने स्वतः केलंय तो लगेच बोटांनी माप दाखवतो. आरपार गेलेला कुसू असेल तर त्याचं टोक पलीकडे दिसतं, त्यात पाचर मारलेली असते, आणि ती पाचर कुठल्या दिशेने मारलीये ते महत्त्वाचं. विंडसर खुर्चीसारख्या जाड फळीच्या बैठकीत पायाचा कुसू वर येतो, तिथे पाचरीची रेघ बैठकीच्या रेषांना आडवी हवी. रेषांच्याच दिशेने पाचर मारली तर ती बैठकीची फळी उलवते. त्याच खुर्च्यांमधली आणखी एक युक्ती मला फार आवडते. पायाचा कुसू कडक सुकवून घ्यायचा आणि बैठकीत थोडा ओलावा ठेवायचा, मग बैठक सुकत जाते तसं भोक आवळत जातं आणि कुसू हवेतला ओलावा घेऊन किंचित फुगतो, सांधा दोन्हीकडून पक्का होतो. लाकडाचं हलणं इथे अडचण न राहता कामाला लावलंय.

लाकडी खुंटी मारलेले सांधेही बघण्यासारखे असतात. जुन्या पद्धतीत कुसवातलं भोक खाचेतल्या भोकापेक्षा एखाद-दोन मिलिमीटर मुद्दाम सरकवून पाडतात, खुंटी ठोकली की ती सांध्याला आत खेचते, गोंद सुटला तरी सांधा सुटत नाही. अशी खुंटी बाहेरून पूर्ण गोल नसते, हाताने तासलेली थोडी ओबडधोबड, कोपरेदार असते आणि वर्षं गेली की पृष्ठभागापेक्षा किंचित वर आलेली लागते, कारण आजूबाजूचं लाकूड आकसलेलं असतं आणि खुंटीची लांबी तेवढीच राहिलेली असते. उलट काही ठिकाणी सांधा आतून स्क्रूचा असतो आणि वरून शोभेला गोल बटणं चिकटवलेली असतात. अगदी गोल, सगळी एका मापाची, आणि बोटाला पूर्ण सपाट. जुन्या वस्तूवर अशी बटणं दिसली की मी सावध होते.

खुर्चीची परीक्षा सगळ्यात अवघड, कारण तिच्यावर माणूस नीट बसत नाही, मागे रेलतो, एका पायावर तोलतो, पुढे सरकवतो. बसून बघाच, पण आधी पाठीमागे उभं राहून पाठ दोन्ही हातांनी धरून तिरकी पिळल्यासारखी करा. कुरकुरली तर कुठून आवाज येतो ते कान लावून ऐका. मग पाय बघा. वक्र पाय असेल तर त्याच्यातल्या रेषा वक्राबरोबर जातात का? सरळ फळीतून वक्र पाय कापला की वळणाच्या जागी रेषा आडव्या तुटतात, तिथे पाय मोडतो. पारखी सुतार झाडाचा मुळात बाक असलेला तुकडा शोधतो, किंवा लाकूड वाफेवर वाकवतो, किंवा निदान फळीवर पाय असा आखतो की जास्तीत जास्त रेषा अखंड राहतील. चारही पाय एकाच फळीतले असतील तर रंग आणि रेषा एकमेकांशी बोलतात, आणि हे ठरवून केलेलं असतं, आपोआप होत नाही.

कोरीव कामाबद्दल थोडक्यात, कारण लोक त्याला जरुरीपेक्षा जास्त भाव देतात. नक्षीचं फूल बघू नका, फुलाच्या मागची खोलगट जमीन बघा. ती सपाट आहे का, कोपऱ्यापर्यंत गेलीये का, की कोपऱ्यात भुसा आणि पॉलिश साचून गोळा झालाय? हाताच्या पटाशीने आतला कोपरा टोकदार निघतो, मशीनच्या फिरत्या पात्याने तो सहसा थोडा गोल राहतो. पाकळीच्या खालून पोखरून ती उचलल्यासारखी केली असेल तर ते सहसा हाताचंच. डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी असेल, अगदी केसाचाही फरक नाही, तर ते मशीन. आणि एक वाईट सवय सगळीकडे वाढलीये, कोरीव काम झालं की पॉलिश पेपरने इतकं घासायचं की सगळ्या कडा मऊ होतात, साबणासारखी गुळगुळीत नक्षी होते आणि पटाशीचे पैलू निघून जातात. मला ते बघवत नाही, कारण पटाशीने सोडलेले ते छोटे पैलू उजेडात चमकतात, त्यांच्यामुळे नक्षी जिवंत दिसते.

पृष्ठभाग बघायचा तर उजेड समोरून नको, बाजूने हवा. खिडकीकडे तोंड करून टेबलटॉपच्या पातळीत डोळा आणा. हाताच्या रंध्याने केलेल्या सपाटीवर अतिशय हलक्या लाटा दिसतात, बोटांना त्या डोळ्यांपेक्षा आधी कळतात. खालच्या बाजूला करवतीच्या खुणा राहिल्या असतील तर त्याही वाचता येतात. कमानीसारख्या गोल खुणा म्हणजे गोल चकतीची करवत, आणि अशा करवती 19व्या शतकात सर्रास झाल्या, त्यामुळे 300 वर्षं जुनं म्हणून दाखवलेल्या वस्तूच्या मूळ फळीखाली कमानी दिसल्या तर ती गोष्ट खरी नाही. जुनेपणाची आणखी एक तपासणी म्हणजे कातलेला गोल पाय किंवा गोल टेबलटॉप दोन दिशांनी मोजणं. कातारी गोलच कातून देतो, पण वर्षानुवर्षं लाकूड एका दिशेला जास्त आकसतं म्हणून तो थोडा लंबगोल होतो. अगदी तंतोतंत गोल निघाला तर तो तुकडा मागाहून बदललेला असू शकतो.

लाकूड कुठलं या प्रश्नावर मी शेवटी येते. फळीच्या टोकाला, जिथे कापलेली बाजू दिसते तिथे बघा, वरच्या रेषा कडेवरून वळून तिथल्या कड्यांना जाऊन मिळतात का? मिळत नसतील तर वरचा थर व्हिनिअर आहे, म्हणजे दुसऱ्या लाकडावर चिकटवलेला पातळ पापुद्रा. पण व्हिनिअर म्हणजे फसवणूक असं नाही हं. 1922 मध्ये इजिप्तमध्ये तुतनखामुनची कबर सापडली, तिथल्या 3300 वर्षांपूर्वीच्या फर्निचरमध्ये कुसू-खाचेचे सांधे आहेत तसं एबनी आणि हस्तिदंताचं पातळ व्हिनिअरही आहे. फसवणूक तेव्हा होते जेव्हा व्हिनिअर अख्खं लाकूड म्हणून विकतात. सालीलगतच्या पांढुरक्या लाकडाकडे जास्त लक्ष द्या, त्यात स्टार्च असतो, लाकूड पोखरणारे बारीक भुंगे त्यावर येतात, म्हणून गडद रंग लावून ते लपवलेलं असेल तर खालची न रंगवलेली बाजू बघा. एक-दोन मिलिमीटरची भोकं आणि त्यातून पडणारी ताजी फिकट पूड दिसली तर कीड अजून आत आहे. भोकं जुनी, कोरडी, पूड नसलेली असतील तर धोका बराच कमी. शिसवीसारख्या लाकडांच्या बाबतीत कागदपत्रंही बघावी लागतात, 2017 पासून डालबर्जिया या वंशाची सगळी झाडं साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, सीमेपलीकडे न्यायचं तर त्याचे नियम लागतात.

गाठ किंवा चीर दिसली की लोक नाक मुरडतात. जॉर्ज नाकाशिमा (1905–1990) या डिझायनरने चिरेच्या दोन्ही बाजूंना धरणारा फुलपाखराच्या आकाराचा लाकडी टाका उघडपणे बसवला आणि त्याच टेबलांनी नाव कमावलं. टाका दिसतोय तोवर मला चिरेची भीती वाटत नाही. लांबी भरून वर रंग दिलेली चीर मात्र नको, लाकूड हलणार आणि ती परत उघडणार.

पॉलिश कुठलं आहे हे विचारायलाच हवं, कारण पुढे दुरुस्ती कशी करायची ते त्यावर ठरतं. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून न दिसणाऱ्या जागी कापसाने एक थेंब लावून बघितला तर ते चिकट होतं. त्यावर गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, पण त्याचमुळे ओरखडा पडला तर तेवढीच जागा परत पॉलिश करता येते, नवा थर जुन्यात मिसळून जातो. पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) जाड थर टिकाऊ असतो, पाण्याला दाद देत नाही, पण एका ठिकाणी उडाला की सहसा सगळाच खरवडावा लागतो. रोजच्या जेवणाच्या टेबलाला मी पीयू समजू शकते. कोरीव, जुन्या पद्धतीच्या वस्तूवर तो काचेसारखा थर बघितला की वाईट वाटतं, सगळे पैलू त्याच्याखाली बुडतात.

गोंदाचंही तसंच. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस ऊब आणि ओलावा दिला की सुटतो, म्हणून सरसाने जोडलेली खुर्ची पुढचा सुतार न मोडता उघडू शकतो, साफ करून परत जोडू शकतो. सांधा इपॉक्सीने भरून टाकला असेल तर दुरुस्तीच्या वेळी बहुतेक लाकूडच फोडावं लागतं. बनवणारा समोर असेल तर मी एवढंच विचारते, हा पाय उद्या हलायला लागला तर तुम्ही तो कसा उघडाल? जो सांध्यावर बोट ठेवून, खुंटी कुठून ठोकून काढायची आणि मग काय करायचं ते सांगतो, त्याच्याकडून मी वस्तू घेते.